परदेशातील भाषाकार्य आणि घरातले सणवार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा कोणत्या विषयावर बोलावे असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. आम्ही व्यासंगी पंडित नव्हे, की सभा गाजविणारे वक्तेही नव्हे. परंतु १९७७ ते १९८६ अशी नऊ वर्षे आम्ही उभयता मॉस्को शहरी राहिलो. रशियन पुस्तके मराठीत आणणे हा तेथे आमचा उद्योग होता, आणि परक्या मुलखात संसार चालविणे हा त्याहून मोठा उद्योग होता. आज आपल्यापैकी बहुतेक घरांतील एखादा मुलगा वा मुलगी परदेशी आहे. तेव्हा त्या नऊ वर्षांत भाषा आणि सणवार यांचा जो परस्परसंबंध आमच्या प्रत्ययास आला, तोच आपल्यापुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्या कार्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मॉस्को येथे १९३१ साली परदेशी कामगारांसाठी एक प्रकाशनसंस्था निघाली. तीच पुढे १९६३ पासून ‘प्रगती प्रकाशन’ या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. तिच्यातून ललित आणि बालवाङ्मयाची शाखा निराळी होऊन १९८२ साली ‘रादुगा’ ही संस्था झाली. रादुगा म्हणजे इंद्रधनुष्य. या संस्थांतून हिंदी, उर्दू, बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम अशा भाषांबरोबर मराठीतही पुस्तके निघत. सोव्हिएत देशातून आलेली ती जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची, अल्प किमतीची पुस्तके मुंबईच्या लोकवाङ्मय गृहाने महाराष्ट्रात गावोगाव पोहोचविली. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी ती बालपणी हाताळली असतील.

भाषांतराची रीत मोठी कसोशीची होती. भाषांतरकाराने मजकूर लिहावा. मग मराठी जाणणाऱ्या रशियन संपादकाने तो मूळ ग्रंथाशी ओळीने ओळ ताडून पाहावा. खटकलेल्या जागी खूण करावी. मग दोघांनी बसून वाद घालावा. आमच्या वाट्यास आलेल्या संपादिका वयाने पन्नाशीच्या होत्या. त्यांनी महाराष्ट्र डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. परंतु ‘आडोसा’ आणि ‘आसरा’ यांत भेद काय, हे त्या आम्हांला विचारीत, आणि आम्हांला उत्तर देण्यापूर्वी घटकाभर विचार करावा लागे!

या कामात आम्हांला पहिले आश्चर्य वाटले ते नात्यांच्या शब्दांचे. इंग्रजीतून भाषांतर करणारास ठाऊक आहे की, दीर, मेहुणा, साडू या सर्वांना तेथे एकच शब्द असतो, आणि कथेतील मंडळी एकमेकांची कोण लागतात हे तर्काने ठरवावे लागते. रशियन भाषेत तसे नाही. सुनेला तेथे ‘स्नोखा’ म्हणतात. ती संस्कृतातील स्नुषाच होय. दिराला ‘देवेर’ म्हणतात. तो आपला देवर. सासरा तो ‘स्व्योकर’, म्हणजे श्वशुर. नवऱ्याची आई ती ‘स्वेक्रोव’, म्हणजे श्वश्रू. जुन्या रशियन भाषेत जावेलाही ‘यात्रोव’ असा शब्द होता, आणि आपला ‘जाऊ’ हा शब्द ज्या संस्कृत ‘यातृ’पासून आला त्याचाच तो सहोदर. विधवेला ‘व्दोवा’ म्हणतात. हजारो कोसांवरील परक्या घरात शिरावे आणि भिंतीवर आपल्याच पणजीचे चित्र टांगलेले दिसावे, तसे आम्हांला झाले.

परंतु दिवसभर ज्या मराठी शब्दांची आम्ही अशी निगा राखीत होतो, तेच शब्द सायंकाळी आमच्याच घरातून पाय काढून घेऊ लागले आहेत, असे लवकरच दिसून आले. आमची कन्या मॉस्कोस आली तेव्हा तीन वर्षांची होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती तेथील बालवाडीत असे. मुलांची जीभ चपळ. वर्षभरात ती रशियन मुलांसारखे रशियन बोलू लागली आणि तिची मराठी त्या साच्यात ओतली जाऊ लागली. रशियनमध्ये पाणी स्त्रीलिंगी, म्हणून ‘पाणी सांडली’. पुस्तकही स्त्रीलिंगी, म्हणून ‘माझी पुस्तक’. सूर्य मात्र नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते सूर्य उगवलं’. त्या भाषेत वर्तमानकाळी ‘आहे’ हे क्रियापद बोलतच नाहीत, म्हणून ‘आई घरात’, ‘बाबा दमलेले’, एवढ्यावर तिचे वाक्य संपे. व्याकरण सुधारता येते. त्याचे आम्हांला फारसे भय वाटले नाही. भय वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. एके दिवशी तिने विचारले, ‘ओवाळणं म्हणजे काय?’ आम्ही शब्दांत अर्थ सांगू लागलो आणि सांगता येईना. ताट, निरांजन, अक्षता, सुपारी हे सर्व समोर असल्यावाचून त्या शब्दाला अर्थच नव्हता. कोशात तो सापडेल. परंतु कोशातून तो मुलांच्या जिभेवर जाणार नाही.

तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी निश्चय केला की, वर्षाचा एकही सण चुकवावयाचा नाही. देवभक्ती हे त्याचे एक कारण होतेच. परंतु सणाच्या दिवशी पन्नास मराठी शब्द घरात आपल्या पायांनी चालत येतात, हे दुसरे कारण होते. गावी आमच्या मातोश्री होत्या. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी आम्हां भावंडांना वाढविले. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झालेले. परंतु प्रत्येक सणाचे एक पत्र त्या पाठवीत. टपालास दोन-तीन आठवडे लागत, म्हणून दिवाळीचे पत्र दसऱ्यालाच लिहून होई. त्या पत्रात कुळाचार, नैवेद्य, काय करावे, काय करू नये, हे मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेले असे. ते वाचून दाखविणे हा सणाचा पहिला विधी होऊन बसला.

आता रशियात हे सर्व साहित्य मिळावे कोठून? पाडव्याला मार्चच्या अखेरीस खाली अंगणात बर्फ साचलेले असे. गुढीला वेळूची काठी नाही, म्हणून बर्फावरून घसरण्याच्या खेळातील काठी घेतली. तिच्यावर जरीचे खण आणि येथून नेलेला तांब्या चढविला. साखरेच्या गाठी मिळेनात. परंतु तेथे ‘सुश्की’ नावाची लहान, कडक, कड्यासारखी बिस्किटे दोऱ्यात ओवून विकतात. त्यांची माळ गुढीला अशी शोभली की, जणू त्यासाठीच केली असावी. कडुलिंबाऐवजी ‘रियाबिना’ नावाच्या झाडाची तांबडी, कडवट फळे शेजारणीने सुकवून ठेवली होती, ती चाखली. पुरणाला हरभऱ्याची डाळ नव्हती. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण वाटले. रवा मात्र तेथे हवा तेवढा. ‘मान्का’ म्हणतात त्याला, आणि तेथील प्रत्येक बालक त्याच्या लापशीवर वाढते. त्यामुळे सत्यनारायणाच्या प्रसादाला कधी अडले नाही.

१९८१ च्या १ सप्टेंबरला आमची कन्या शाळेत जाऊ लागली. त्या देशात सर्व शाळा त्याच दिवशी उघडतात आणि मुले गुरुजनांसाठी फुलांचे गुच्छ घेऊन जातात. शेजारणीने बजाविले, ‘फुले मोजून घ्या, सम संख्येची फुले मृताला वाहतात, जिवंताला विषम द्यावीत.’ त्याच आठवड्यात गणेशचतुर्थी आली. मुलांच्या रंगीत मातीची मूर्ती केली आणि अंगणातल्या गवतातून दूर्वा निवडल्या. कन्येने आपण होऊन त्या मोजल्या आणि विचारले, ‘एकवीसच का?’ आम्ही म्हटले, ‘तुझ्या शाळेच्या फुलांना विचार.’ दोन घरांच्या रीती तिच्या मनात त्या दिवशी शेजारी शेजारी बसल्या.

रशियन लोकांचे सणही आम्ही परके मानले नाहीत. तेथे नववर्षाची रात्र हाच मुख्य कौटुंबिक उत्सव. १९३५ साली नववर्षाचे झाड उभारण्यास पुन्हा मोकळीक मिळाली आणि १९४८ पासून १ जानेवारीला सुटी मिळू लागली. शुभ्र दाढीचा ‘देद मरोज’, म्हणजे शिशिराचा आजोबा, आणि त्याची नात हिमकन्या मुलांसाठी भेटी आणतात. १९७८ ची अखेरची रात्र आम्ही विसरणे शक्य नाही. पारा उणे ३५ अंशांच्याही खाली गेला होता, खिडकीच्या फटींत आम्ही चिंध्या कोंबल्या होत्या, आणि बारा वाजता क्रेमलिनच्या घड्याळाचे ठोके पडताच शेजारच्या तीन घरांतील माणसे आमच्या लहानशा खोलीत एकमेकांना आलिंगन देत होती. हिवाळा सरताना तेथे गवताची बाहुली जाळतात आणि तव्यावरची पातळ घावने खातात. ती होळीच नव्हे तर काय? वरातीला दाराशी भाकरी आणि मीठ घेऊन सामोरे जातात; आपण भाकरतुकडा ओवाळून टाकतो. उंबरठ्यावरून हात मिळवीत नाहीत. आपणही उंबरठ्यावरून देणेघेणे करीत नाही.

पंचांगानेही कधी कधी आम्हांला हात दिला. रशियाने १९१८ साली जुनी कालगणना सोडून नवी घेतली. त्यामुळे ऑक्टोबरातील क्रांतीचा उत्सव ७ नोव्हेंबरला होई. १९८० साली लक्ष्मीपूजन नेमके ७ नोव्हेंबरला आले. घरात पणत्या लावल्या आणि बाहेर सबंध शहरावर शोभेचे दारूकाम सुरू झाले. सहा वर्षांच्या मुलीला आम्ही काय सांगणार? तिने ठरवूनच टाकले की, हे सर्व आपल्या लक्ष्मीसाठी आहे. तसेच जुन्या कालगणनेचे नववर्ष तेथील लोक १३ आणि १४ जानेवारीच्या मधल्या रात्री प्रेमाने पाळतात, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या उंबरठ्यावर. तिळगूळ दुर्मिळ, परंतु सूर्यफुलाच्या बियांची ‘कोजिनाकी’ नावाची चिक्की दुकानात मिळे. ती कन्या घरोघर वाटी आणि ‘गोड बोला’ याचे रशियन भाषांतर करून सांगे. ते तिचे पहिले भाषांतर होय.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हा विषय निवडला, त्याकडे वळतो.

आमच्या मजल्यावर समोरच्या दारी एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांचे पती १९४३ साली युद्धात पडले. थडगे कोठे आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्या युद्धात सोव्हिएत देशाची सुमारे २ कोटी ७० लक्ष माणसे गेली. आमच्या इमारतीत त्या पिढीची पतीच्या पश्चात एकटी उरलेली स्त्री नाही, असा मजला शोधून सापडला नसता. रणभूमीवरून आलेली पतीची पत्रे त्यांनी जपून ठेवली होती. पाकिटे मिळत नसल्यामुळे सैनिक कागदाचीच त्रिकोणी घडी घालून पाठवीत. तसल्या त्या घड्या. ९ मे या विजयदिनी त्या ती पत्रे बाहेर काढीत. आमच्या कन्येला त्यांनी नात मानले होते. आम्ही कामावर असताना तिला जेवू घालणे, ताप आला तर उशाशी बसणे, हे सारे त्याच करीत.

१९८३ च्या नोव्हेंबरात सौभाग्यवतींच्या मनात आले की, येत्या संक्रांतीला रीतसर हळदीकुंकू करावे. बंगाली, तमिळ, उर्दू भाषांतरकारांच्या स्त्रिया होत्या. आमच्या संपादिका होत्या. समोरच्या आजीबाई तर हव्याच होत्या. परंतु त्या ‘व्दोवा’. संपादिकाही दोन वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. जो शब्द आपल्या आणि त्यांच्या भाषेत एकच आहे असे पाहून आम्ही हर्षभरित झालो होतो, तोच आता दाराशी आडवा उभा राहिला. या दोघींना बोलवावे आणि कुंकू लावू नये? तर मग का लावीत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगावे? लावावे, तर घरच्या रीतीचे काय? आणि गावी मातोश्री स्वतः त्याच अवस्थेत तीस वर्षे काढीत होत्या; स्वतःच्या सुनेच्या हळदीकुंकवाला त्या माजघरातून बाहेर येत नसत. सौभाग्यवतींनी पत्र लिहून त्यांनाच विचारले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तार आली. मातोश्री गेल्या होत्या. तार हाती पडली तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता; बंधूंनी सर्व केले. आम्ही त्या नवव्या मजल्यावरील घरात स्नान केले आणि बर्फाकडे पाहत बसलो. आजीबाई आल्या, काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या आणि आमच्यासाठी पेज शिजवून निघून गेल्या. आपल्याकडे सुतकात शेजारघरून अन्न येते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर पाच दिवसांनी मातोश्रींचे संक्रांतीचे पत्र आले. जाण्यापूर्वी त्यांनी ते टपालात टाकले होते. आम्हां दोघांनाही ते उघडवेना. कन्येने ते घेतले आणि मोठ्याने वाचले. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. एकही अक्षर न अडखळता तिने ते वाचले, कारण तेच अक्षर ती सहा वर्षे पाहत आली होती. तीळ कसे भाजावेत ते त्यात होते. सुगडात काय घालावे ते होते. आणि शेवटी एवढेच होते: ‘तू विचारलेस त्याचे उत्तर. घरी आलेल्या बाईला रिकाम्या कपाळाने परत पाठवू नये. मला कोणी लावले असते तर मी नको म्हटले नसते.’

मंडळी, त्या वाक्यावर आम्ही भाष्य करणार नाही. त्या वर्षी आमच्या घरी सण झाला नाही. पुढील वर्षी, १९८५ च्या संक्रांतीला, सौभाग्यवतींनी आजीबाईंना पाटावर बसविले, हळद लावली, कुंकू लावले, ओटी भरली. त्यांना या रीतीचा अर्थ विचारावासा वाटला. आमच्या कन्येने रशियन भाषेत सांगितले, ‘आमच्या आजीने तुम्हांला पाठविले आहे.’ ते भाषांतर शब्दशः नव्हते. परंतु आम्ही नऊ वर्षांत केलेल्या कोणत्याही भाषांतराहून ते मुळाशी अधिक प्रामाणिक होते.

१९८६ साली आम्ही परतलो. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि मराठी पुस्तकांचे ते कार्यही थांबले. ती पुस्तके आता जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दिसतात. मराठीचा आणि त्या देशाचा संबंध मात्र जुना आहे. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरला होता. १९६१ साली अण्णाभाऊ साठे रशियास गेले आणि त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. पुस्तके जातात, येतात, राज्येही जातात. घरात जी भाषा राहते, ती कशाच्या आधाराने राहते, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या अल्प अनुभवाचे सार असे. मुलांना ‘मराठी बोला’ असे सांगून मराठी टिकत नाही. ती बोलण्यावाचून गत्यंतर नाही असे काम त्यांच्या हाती द्यावे लागते. ओवाळणे, माखणे, गुंफणे, निवडणे, वळणे ही क्रियापदे सणाच्या दिवशी हातांतून तोंडात येतात. परदेशी असलेल्या आपल्या नातवंडांना आपण रोज दूरध्वनी करतो. त्यांचे मुखही पाहतो. हे चांगलेच आहे. परंतु सणापूर्वी एक पत्र स्वहस्ते लिहून पाठवा, आणि ते नातवाकडून मोठ्याने वाचून घ्या. तुमचे अक्षर त्याच्या ओळखीचे असू द्या. कधी ना कधी ते त्याला तुमच्यावाचून वाचावे लागणार आहे.

दुसरी विनंती मंडळाला. रीत सांभाळणे आणि रीतीतला जिव्हाळा सांभाळणे, या दोन्ही गोष्टी ज्ञातिसंस्थेकडे आहेत. दरवर्षी आपल्या महिला शाखेचे हळदीकुंकू होते. त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘सुवासिनींनी’ असा शब्द छापण्याचा परिपाठ आहे. तेथे ‘सर्व भगिनींनी’ असे छापावे, अशी आमची सूचना आहे. एक शब्द बदलावयाचा आहे. आयुष्यभर शब्दच बदलीत आलेल्या माणसाने एवढी मागणी केली, तर ती आपण अवाजवी मानणार नाही, अशी आशा आहे. आज या सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या कित्येक माताभगिनी अशा असतील की, त्यांना कोणी विचारलेच नाही, म्हणून त्यांनी कधी उत्तर दिले नाही.